तळ्याचा कान

डेल माणूस वाईट नाही, पण त्याच्या दुकानात पाय ठेवला की माझं डोकं फिरतं. एक साधी वस्तू मागा, हा बाबा पंधरा प्रश्न विचारणार. म्हणून त्या दिवशी मी किर्सीने लिहून दिलेली चिठ्ठीच त्याच्यापुढे टाकली. "वाच," म्हटलं, "आणि यात बसेल ते काढ. मला उगाच गोल गोल फिरवू नकोस."

चिठ्ठीत लिहिलं होतं, बिनवायरचे इअरबड्स. घामाने बिघडायला नकोत. कडाक्याच्या थंडीत बॅटरी मरायला नको. हातमोजा घालूनही दाबता येईल असं खरंखुरं बटण हवं. कितीही हाललं तरी कानातून पडायला नकोत. आणि सगळ्यात खाली दोन रेघा ओढून, "मुम्मू, चाळीस डॉलरच्या वर जायचं नाही, माझी शप्पथ."

मुम्मू म्हणजे मी, तिची आजी. आमच्याकडे, फिनलंडहून अमेरिकेत आलेल्या घरांत, आजीला तसंच म्हणतात. किर्सी माझ्या मुलीची मुलगी, एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या सुट्टीत माझ्याकडे आलेली. जानेवारीअखेर पन्नास किलोमीटरची स्केटिंगची शर्यत होती आणि तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. गाणं कानात असल्याशिवाय तिचे पाय चालत नाहीत म्हणे. तिचे जुने बड्स कुठेतरी हिमात पडून गेले होते.

डेलने दोन डबे काढले. "मिसेस कांगास, हे घ्या. हे कानावर नुसते अडकतात, कानाचं भोक मोकळं राहतं. पस्तीसचे आहेत. बर्फावर जाणाऱ्यांना मी हेच देतो. आणि हे दुसरे आत घट्ट बसतात, बाहेरचा आवाज पार बंद करतात. एकोणतीसचे. जिममध्ये वगैरे ठीक आहेत."

"आधी वाजवून दाखव," मी म्हणाले. "डब्यावरचं मला सांगू नकोस."

त्याने पहिले माझ्या कानांवर अडकवले आणि आपल्या फोनवर काहीतरी लावलं. आधी ढोल वाजला, तो मला छान ऐकू आला. मग काहीच नाही. डेल माझ्याकडे बघत उभा.

"काय?" मी विचारलं.

"आता बारीक घंट्या वाजतायत ना?"

"कसल्या घंट्या? बंद पडलंय हे."

त्याने एक काढून स्वतःच्या कानाला लावला. "वाजतंय की."

"तुझ्या कानात वाजत असेल. तरुणपणी ती धिंगाणा गाणी ऐकून तुझ्या कानांची चाळण झालीय, तुला कुठेही घंट्या वाजतात. बिघडलेला माल गळ्यात मारू नकोस माझ्या."

बिचारा लाल झाला. दुसरे लावले. त्यावर त्याने पोल्का नाचाची धून लावली आणि काय सांगू, ढोल थेट छातीत! शिवाय दुकानातला तो घरघरणारा हीटर एकदम गप्प झाला. मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. इंजिन माझ्या उजव्या गुडघ्याशी आणि पन्नास कार्टी पाठीशी. अशी शांतता मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. बटणही चांगलं टणक होतं.

"हेच दे," मी म्हणाले.

डेल घुटमळला. "पण ती तळ्यावर जाणार ना? पहिल्या बर्फावर कान उघडे असावेत, असं तुम्हीच..."

"डेल, या गावात बर्फ आधी कोण ऐकतं?"

"तुम्ही."

"मग?"

त्याने पावती फाडली.

तर ही बर्फ ऐकायची भानगड सांगते. टॅमरॅक तळं डिसेंबरात गोठतं. वर हिम पडलेलं नसलं तर बर्फ काळा काचेसारखा दिसतो. सगळीकडे सारखाच. जाड कुठे आणि पातळ कुठे, हे डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. म्हणून आमच्याकडे रीत आहे. किनाऱ्यावरून चपटे दगड सरपटत फेकायचे आणि ऐकायचं. पातळ बर्फ चिवचिवतो, पाखरांचा थवा अंगणात उतरल्यासारखा. जाड बर्फ घुमतो, कुणी दारावर मूठ मारल्यासारखा. बर्फ धरतो त्या आठवड्यात टोपीसुद्धा कानांच्या वर ठेवायची, कान लाल झाले तरी. माझी आई ऐकायची, तिच्यानंतर मी. लोक मला तळ्याचा कान म्हणतात. मी ऐकून हो म्हटल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही.

माझा नवरा रेनो तर नाहीच. खाणीत पंचवीस वर्षं ड्रिलवर राहून त्याचे कान कामातून गेले होते. तो माझ्या शेजारी उभा राहायचा आणि मोठ्याने विचारायचा, "आइली, काय म्हणतंय?" मी सांगायचे आणि तो स्केट्स बांधायचा. तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या नऊ तारखेला, तळ्याने त्याला गिळला. त्या सकाळी दगड मीच टाकले होते. सगळे म्हणाले, खालून झरा फुटला असणार, त्याला कोण काय करणार? मी मात्र तळ्याशी बोलणं टाकलं. इतकी वर्षं ऐकलं तुझं, आणि तू मला असा दगा दिलास मेल्या! पुढची दोन वर्षं बर्फ धरायच्या आतच हिम पडलं, तेव्हा कुणी स्केटिंगला गेलंच नाही. मासे धरणारे जातात ते जानेवारीत, तेव्हा तळं भिंतीसारखं जाड असतं. म्हणजे त्यानंतर मी तळं ऐकायची पाळी आली ती याच वर्षी.

शनिवारी सकाळी किर्सी उठली तीच बड्स घालून. मी ओव्हनमधलं पॅनकेक काढून तिच्यापुढे आदळलं, तरी तिचं लक्ष नाही. मान डोलतेय आपली. शेवटी टेबलावर चमचा आपटला.

तिने एक बड काढला. "मुम्मू, भारी आहेत गं हे! तू ओरडतेयस ते दिसतं, पण ऐकू येत नाही. स्वर्ग!"

"ऐकू येत नाही म्हणे! खा आधी. आणि पुटपुटू नकोस, नीट बोल."

"मी नीटच बोलतेय."

"हल्ली सगळे पुटपुटतात," मी म्हणाले. खरंच म्हणते मी. माणसं पुटपुटतात आणि पाखरं तर तेवढंही करत नाहीत. खिडकीबाहेर मी दाणे ठेवते, त्यावर काळ्या डोक्याची चिमुकली पाखरं येतात, पोटभर खातात, पण गाणं म्हणून नाही. चार वर्षं झाली. मी तर वर्तमानपत्राला पत्रही लिहिलं होतं, की तुमच्या त्या फवारण्यांनी पाखरांचे गळे गेलेत. त्यांनी छापलंही होतं.

आम्ही खाली धक्क्यावर गेलो. थंडी अशी की नाकातले केस गोठावेत. मी पहारीने किनाऱ्याशी बर्फ फोडला, चार इंच भरला. उत्तम. पण किनाऱ्याचं मोजमाप मधल्या पाण्याला लागू पडत नाही, म्हणून मग दगड. टोपी वर केली आणि एक टाकला. ठक, ठक, ठक, आणि मग शांत. दुसरा तळ्यातल्या बेटाच्या दिशेने टाकला. तोही तसाच. पाच दगड टाकले. कुठे चिवचिव म्हणून नाही. इतकं गप्प तळं मी कधी ऐकलं नव्हतं. मनात आलं, आज शहाण्यासारखं वागतंय मेलं.

किर्सी माझ्या शेजारी उभी होती. बुचं कानात. गुडघे हलवत अंग गरम करत होती. गळ्यात तिने दोरीला अडकवलेले दोन टोकदार खिळे होते. पाण्यात पडलंच तर बर्फात रोवून वर यायला ते लागतात. ते तरी मी घालायला लावले होते. तिने एका बाजूचं बूच जरा वर केलं.

"काय म्हणतंय?"

अगदी आजोबासारखं.

"काही नाही. जा."

तिने बूच परत दाबलं, माझ्या गालावर थंडगार ओठ टेकले आणि निघाली. तिची चाल मोठी सुंदर. बेटाला वळसा घालून परत यायचं, असे चार फेरे ठरले होते. मी वर घरात आले आणि कॉफी ठेवली.

पहिला फेरा ती किनाऱ्या-किनाऱ्याने करून आली. मी खिडकीतून पाहिलं आणि बरं वाटलं. दुसऱ्याला ती सरळ मधूनच निघाली, तेवढ्यात दारावर मार्गो. मार्गो आमची नवी शेजारीण, शिकागोची, दातांच्या डॉक्टरची बायको. निवृत्त होऊन दोघं सप्टेंबरात इथे राहायला आली. तिला सगळंच गोड वाटतं. हरणं गोड, सरपणाचा ढीग गोड, मीसुद्धा गोड. हातात केक घेऊन आत आली आणि छताकडे बघायला लागली.

"आइली, अगं, तुला त्रास नाही होत याचा?"

"कशाचा?"

"त्या अलार्मचा. धुराच्या. बॅटरी संपत आलीय वाटतं. आमचाही थंडी पडल्यापासून असाच बोंबलत होता, मी तर वेडी व्हायची वेळ आली."

मी वर पाहिलं. पांढरी तबकडी निमूटपणे छताला चिकटलेली. "तो तर गप्प आहे."

"गप्प? अगं, दर मिनिटाला पीप करतोय!"

"मार्गो, सकाळी सकाळी घेतलीस की काय?"

ती हसली. पण मग थांबली आणि बोट वर केलं. "थांब हं. आता करेल. ...हे बघ! आत्ता!"

मला दिसलं. तबकडीवरचा लाल दिवा लुकलुकला. मार्गोने तोंड वाकडं केलं, कानाला टोचल्यासारखं. आणि माझ्या स्वयंपाकघरात कसलाही आवाज झाला नव्हता.

"पुन्हा," मी म्हणाले.

आम्ही दोघी त्या दिव्याखाली उभ्या राहिलो. मिनिट जाता जाईना. दिवा लुकलुकला. मार्गो म्हणाली, "झाला." मी काहीच ऐकलं नाही.

मग डेलच्या घंट्या आठवल्या. माझ्या डोळ्यांपुढे त्याचा तो लाल चेहरा आला. मग सकाळचे पाच दगड. ते गप्प तळं.

"अरे देवा," मी म्हणाले. "अरे देवा, देवा, देवा."

रेनोची दुर्बीण खिडकीशी टांगलेली असते. ती मी डोळ्यांना लावली. किर्सी दिसली. किनारा आणि बेट यांच्या बरोब्बर मधे, लाल जाकिटातली, वेगात. ओरडून उपयोग नव्हता. मैलभर लांब, आणि वर मी स्वतःच्या हाताने तिचे कान बंद करून तिला पाठवलेली. घरात ऐकू येणारं एकच माणूस होतं, किर्सी, आणि मी एकोणतीस डॉलर मोजून तिलाही बहिरी केली होती.

फोन! बुचांत फोन वाजतो. मी नंबर लावला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. दोनदा वाजला. दुर्बिणीत तिचा हात कानाकडे जाताना दिसला. ती कधीकधी माझा फोन कापते, तेही याच बटणाने. मी मनातल्या मनात पाया पडले तिच्या.

"काय गं मुम्मू? लय लागलीय माझी, लवकर बोल."

"किर्सी, ऐक. मला ऐकू येत नाही."

"थांबते मग, वारा आहे जरा..."

"थांबू नकोस! उभी राहू नकोस एका जागी! मला तळं ऐकू येत नाही, पोरी. मी बहिरी झालेय. सकाळी मी काहीच ऐकलं नव्हतं. काहीच नाही, कळतंय का? ते बूच काढ कानातून आणि तू ऐक. माझं ऐकू नकोस, बर्फाचं ऐक."

पलीकडे नुसता श्वास. मग खरखर झाली. तिने बड्स काढून हातमोज्यात धरले असणार. फोन चालूच होता. मी त्याच्यावर वाकले. कान लावला, दुसरा कान लावला. नुसती शांतता. तीच सकाळची, शहाणी, दुष्ट शांतता.

"मार्गो," मी म्हणाले, "इकडे ये. तू ऐक. काय ऐकू येतंय सांग."

मार्गो वाकली. तिचा चेहरा उजळला. "अय्या, पाखरं! किती सारी पाखरं चिवचिवतायत गं! बर्फावर पाखरं असतात का? कित्ती गोड!"

मी पुन्हा दुर्बीण उचलली. "ऐकत राहा," म्हटलं. "बदललं तर सांग. तोंड बंद करू नकोस."

दुर्बिणीत किर्सी वाकली, गुडघ्यांवर आली आणि मग किनाऱ्याकडे तोंड करून पोटावर आडवी झाली. मीच शिकवलं होतं तिला, सहा वर्षांची असताना, याच स्वयंपाकघरात, या फरशीवर. वजन पसरायचं. आल्या वाटेनेच परत सरकायचं. लाल ठिपका काळ्या काचेवर हळूहळू परत सरकू लागला, गोगलगाईसारखा.

"अजून पाखरंच आहेत," मार्गो म्हणाली. आता तिला काहीतरी कळलं होतं, तिचा आवाज खाली आला होता. "खूप आहेत. ...आइली, काहीतरी तडकलं."

मी पाहिलं. ठिपका थांबला होता. त्याच्या मागे काळ्यावर आणखी काळं काहीतरी पसरलं. पाणी. तिचे पाय त्यात होते. मग तिचा एक हात वर गेला आणि खाली आला, मग दुसरा. खिळे. एक, दोन. एक, दोन. ती ओढत होती स्वतःला.

"रडतेय ती," मार्गो म्हणाली. "पाखरंही आहेत. ...थांब. कमी झाली. आता जरा जाड आवाज येतोय. दार वाजवल्यासारखा."

"दार? नक्की?"

"हो. ढब्. ढब्. पाखरं नाहीत आता."

मी ब्लँकेट घेऊन धावले. धावले म्हणजे काय, त्र्याहत्तराव्या वर्षी जेवढं जमतं तेवढं. किर्सी धक्क्यावर पोचली तेव्हा तिची पँट मांड्यांपर्यंत पत्र्यासारखी कडक झाली होती. मी आणि मार्गोने तिला वर नेलं, कपडे कापून काढले, चुलीजवळ बसवलं. तिचे दात वाजत होते. मार्गो काहीही गोड म्हणाली नाही. तिने खुर्चीवर चढून त्या अलार्मची बॅटरी काढली आणि निमूटपणे घरी गेली.

किर्सीच्या मुठीत अजून बड्स होते. तिने ते टेबलावर ठेवले. तिची बोटं उघडायला वेळ लागला.

"शिव्या दे मला," मी म्हणाले. "दे. मोठ्याने दे, मला ऐकू येतील अशा."

तिने मान हलवली. मग माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मुम्मू, कधीपासून?"

"मला काय माहीत? असं कळतं का माणसाला? आत्ता, या हिवाळ्यात..."

खिडकीबाहेर दाण्यांवर पाखरं आली होती. चारपाच होती. एक चोच उघडून मान वर करून बसलं होतं. त्याचा इवलासा गळा हलत होता.

किर्सीही तिकडेच बघत होती. तिला ती गाताना ऐकू येत होती, ते तिच्या तोंडावरून दिसलं. वर्तमानपत्रातलं माझं ते पत्र तिने वाचलं होतं. त्यावरून मला चिडवलंही होतं.

"चार वर्षं," मी म्हणाले.

तिची नजर दाराशी गेली. तिथे खुंटीवर रेनोची टोपी आहे. तीन वर्षं मी ती काढलेली नाही. मग तिने चटकन डोळे खाली वळवले, माझ्यासाठी, मला कळू नये म्हणून.

पण मला कळलं होतं. नऊ डिसेंबरची ती सकाळ, हाच धक्का, हेच गप्प तळं. टोपी कानांच्या वर करून तो शेजारी उभा होता. तळ्याने दगा दिलाच नव्हता, ते घसा फोडून सांगत होतं. रेनोने मोठ्याने विचारलं होतं, "आइली, काय म्हणतंय?"

आणि मी म्हणाले होते, "काही नाही. जा."